केसभर पुढे

मला पिस्तूल समजून दचकू नका, मित्रांनो. मी एक जुना टायमिंग लाइट आहे. मूठ, घोडा, नळी असं सगळं मला आहे, पण माझ्या नळीतून गोळी सुटत नाही, उजेड सुटतो. तोही सलग नाही. लुकलुक, लुकलुक, असा तुटक.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याची आठवण म्हणाल तर पुठ्ठ्याचा वास आणि काळोख, एवढीच. मग एका गॅरेजवाल्याने मला दुकानातून उचलून आणलं, खोकं टराटरा फाडलं आणि मी कामाला लागलो. तेच माझे मालक. पत्र्याच्या शटरमागे त्यांची एकच लांबट खोली होती. भिंतीवर पाने टांगलेले, फरशीवर तेलाचे जुने डाग, आणि कोपऱ्यात एक स्टूल. ते स्टूल मालकीणबाईंचं.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. इंजिनात ठिणगी पडते आणि इंजिन फिरतं. ती ठिणगी नेमक्या क्षणी पडली पाहिजे. घाई केली तर इंजिन आतून खडखडतं, उशीर केला तर रडत चालतं. पहिल्या सिलिंडरच्या वायरला मला चिमट्याने अडकवतात. तिथे ठिणगी पडली की मी चमकतो. समोर पुली गरगर फिरत असते आणि तिच्यावर एक खूण असते. मी दर वेळी त्याच क्षणी चमकतो, म्हणून ती फिरणारी खूण माझ्या उजेडात चक्क उभी राहते. मग डिस्ट्रिब्युटर नावाचा ठिणग्या वाटणारा डबा किंचित फिरवून ती खूण इंजिनावरच्या पक्क्या काट्यासमोर आणायची. झालं टायमिंग.

हे काम एकटा माणूसही करू शकतो. आमच्याकडे मात्र ते दोघांचं होतं. मालकीणबाई मला धरायच्या, मालक डबा फिरवायचे. बाईंची उंची बेताची. त्या बाजूच्या मडगार्डवर ओणव्या होऊन तिरक्या बघायच्या, त्यामुळे खूण काट्यापाशी पोचायच्या आधीच त्यांना पोचल्यासारखी दिसायची. "बस!" असं त्या म्हणायच्या तेव्हा खूण अजून केसभर मागे असायची. मालकांना ते ठाऊक होतं. ते निमूटपणे केसभर पुढे फिरवायचे आणि मग नट आवळायचे.

एकदा त्यांनी बोलून दाखवलं. "अगं, जरा समोर उभी राहून बघ की."

"मला जिथून दिसतं तिथूनच मी सांगणार," बाई म्हणाल्या. "तुम्हाला मान्य नसेल तर दुसरी दिवेवाली बघा."

मालक हसले. पुन्हा म्हणून तो विषय त्यांनी काढला नाही. संसार असा केसभर इकडे, केसभर तिकडे करत छान चालला होता. गिऱ्हाइकं आमच्या टायमिंगची तारीफ करायची आणि माझ्याही अंगावर उगाच मूठभर मांस चढायचं.

पुलीवरची खूण ग्रीसने काळी पडायची. बाईंनी त्यावर तोड काढली. मुलीच्या लग्नात आणलेली मोतिया रंगाची नेलपॉलिश उरली होती, तिचा एक ठिपका त्या खुणेवर द्यायच्या. मुलगी माहेरी आली की चिडायची, "आई, माझी नेलपॉलिश गाड्यांना लावतेस?" तर म्हणायच्या, "गाड्या निदान नखं खात नाहीत."

त्यांची स्वतःची एक जुनी व्हॅन होती. सुटे भाग आणायला त्या तीच घेऊन जायच्या. एकदा तिच्या इंजिनाचा बेल्ट झिजला म्हणून मालकांनी इंजिन उघडलं, आणि त्याच आठवड्यात बाई आजारी पडल्या. इंजिन तसंच राहिलं. मालक दवाखान्यात जाऊ-येऊ लागले. मग एक दिवस ते परत आले आणि पुन्हा दवाखान्यात गेले नाहीत.

मित्रांनो, त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. बॅटरीला न जोडलेल्या दिव्याला काय वाटतं, असं विचाराल तर काही वाटत नाही. मालकांचंही तसंच झालं होतं. सकाळी शटर उघडायचे, स्टुलाशेजारी उभे राहायचे, संध्याकाळी शटर ओढायचे. जेवण पुढे आलं तर जेवायचे. गाडी घेऊन कुणी आलं तर "आज नाही" म्हणायचे. एकदा हातावर गरम पाणी सांडलं, तर त्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखे बघत राहिले. मला त्यांनी बाईंच्या जुन्या ओढणीत गुंडाळून खणात ठेवलं. रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं, असं आता मला वाटतं.

मुलगी रजा काढून येऊन राहिली होती. रजा संपत आली तेव्हा तिचे मामा आले. माणूस मनाने चांगला, पण आवाज लाउडस्पीकरचा.

"भाऊजी, किती दिवस असं चालायचं?" ते म्हणाले. "हे शटर लावा कायमचं. अवजारं कुणाला तरी देऊन टाकू. तुम्ही माझ्याकडे चला."

"बरं," मालक म्हणाले.

गॅरेजमधून उठलेले बाबा पुन्हा कशातच उभे राहणार नाहीत, हे मुलीला कळत होतं. "बरं काय बाबा? तुम्हाला जायचंय का?"

"काय फरक पडतो?"

ती उघड्या व्हॅनपाशी गेली. मग म्हणाली, "आईची व्हॅन तेवढी सुरू करून द्या. ती अशी उघडी टाकून मी जाणार नाही. मग तुम्ही म्हणाल तसं."

मालकांनी त्यालाही "बरं" म्हटलं.

ओढणीच्या विरळ विणीतून, खणाच्या फटीतून मी बघत होतो. त्यांचे हात सवयीने चालले. इंजिनात खालचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा झडपा उघडणारा वरचा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, एकदा फिरतो. दोन्हींच्या खुणा जुळवून त्यांनी नवा बेल्ट चढवला. पान्याने इंजिन हाताने फिरवून आत काही अडत नाही ना ते पाहिलं. पुलीवरची मोतिया खूण काट्यासमोर आणली आणि डिस्ट्रिब्युटर बसवला. चेहऱ्यावर काही नाही. मुलीने चावी फिरवली.

फाड्! इंजिनाच्या तोंडातून फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि धूर आला. मामा टुणकन मागे उडाले. "आता तरी पटलं ना, भाऊजी? या कामातून हात गेला तुमचा. राहू द्या."

मालक हातातल्या पान्याकडे बघत राहिले. नवशिक्याची चूक त्यांच्या हातून झाली होती.

"बाबा, खूण तर जुळली होती ना?" मुलगी खाली उतरत म्हणाली.

"एका ठिणगीमागे खूण दोनदा येते," मालक हळू म्हणाले. "एकदा खरी, एकदा पोकळ. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा असतो. हवेने अंगठा ढकलला तर खरी." ते थांबले. "अंगठा कुणी ठेवला नाही."

अंगठ्याचं काम बाईंचं होतं. इतक्या वर्षांत ते मालकांच्या कामात कधी आलंच नव्हतं, म्हणून ते विसरले असंही म्हणता येत नव्हतं.

मुलीने बाही वर सारली. प्लग काढला आणि भोकावर अंगठा ठेवला. "फिरवा."

मालक पाना फिरवू लागले. खूण वर आली. "नाही," ती म्हणाली, "काहीच नाही." अजून एक फेरा. मध्येच ती ओरडली, "ढकलतंय! बाबा, ढकलतंय!"

मालकांनी खूण काट्यासमोर आणून डिस्ट्रिब्युटर काढला आणि नीट फिरवून बसवला. या वेळी इंजिन खोकत खोकत का होईना, सुरू झालं. मग त्यांनी खण उघडला, ओढणी सोडवली आणि मला मुलीच्या हातात दिलं.

मी पुन्हा चमकू लागलो. समोर तो मोतिया ठिपका उभा राहिला. मुलगी उंच, वडलांवर गेलेली. ती समोरून सरळ बघत होती. मालक डबा सरकवत होते. "थोडं... थोडं... बस!"

आणि मालकांनी केसभर पुढे फिरवलं.

एक्सिलरेटरची तार त्यांनी जराशी ओढली. इंजिन आतून खडखडलं. मालकांनी तार सोडली, पुन्हा ओढली. तेच. चूक काय झाली ते त्यांना कळेना. त्यांनी वर पाहिलं. मडगार्डची बाजू रिकामी होती आणि मुलगी समोर सरळ उभी होती. तिने बरोबर जागी "बस" म्हटलं होतं. केसभर आधी "बस" म्हणणारं आता कुणी नव्हतं.

इतके दिवस अडलेलं तेव्हा सुटलं. डिस्ट्रिब्युटरवरचा हात तसाच ठेवून मालक हमसून हमसून रडले. मुलगीही रडली. मामांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं, तेही लाउडस्पीकरवरच. मी चमकत राहिलो, कारण मला विझवायचं कुणाला सुचलं नाही.

"मी चुकीचं धरलं का?" मुलीने डोळे पुसत विचारलं.

"नाही गं. तू सरळच उभी राहा," मालक म्हणाले. "मलाच शिकावं लागेल." त्यांनी डबा केसभर मागे घेतला. खडखड थांबली. नट आवळून ते मामांकडे वळले. "आज येत नाही मी. उद्याही नाही."

मुलगी तीच व्हॅन घेऊन परत गेली. मालक आता एका हातात मला धरतात, दुसऱ्याने डबा फिरवतात. पुन्हा पूर्वीसारखे हसतात असं नाही. कधीकधी दिवसभर बोलतही नाहीत. पण खूण काट्याशी आली की स्वतःच मोठ्याने "बस" म्हणतात. आणि हात तिथंच थांबवतात.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझी वायर एकदा सायलेन्सरला लागून भाजली होती. तिथे बाईंनी गुंडाळलेली काळी पट्टी अजून आहे. तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिची वायर पिळू नका, तिला ओल लागू देऊ नका. पण तिला ओढणीत गुंडाळूनही ठेवू नका. अधूनमधून बाहेर काढा, बॅटरीला जोडा आणि कुणाच्या तरी हातात द्या. तो ती थोडी वेगळी धरेल. धरू द्या.