मिसेस प्रिंगल खूश आहेत, असं पुस्तक म्हणतं

इंग्रजीच्या क्लासच्या लिडाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की उतारे घरच्यांसमोर वाचू नका. उत्तर उताऱ्यात असतं, घरात नसतं. एव्दोकिया नुसती हसली होती. ती सलोनिकाच्या विद्यापीठात चार वर्षं रसायनशास्त्र शिकलेली. दहा वर्षांच्या पोरीचा उतारा तिला काय जड जाणार?

जड गेला तो सासूबाईंना.

ग्रीसमधल्या कवाला गावातलं त्यांचं घर म्हणजे तळमजल्यावर सासूबाई, पहिल्यावर धाकटा दीर, दुसऱ्यावर एव्दोकियाचं बिऱ्हाड. जेवायला सगळे खालीच. क्लासच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. तिची लेक मिर्सिनी नापास झाली, तर पुढच्या वर्षी तिला आठ वर्षांच्या चुलतभावाशेजारी बसावं लागणार होतं, आणि त्याने तिची जागा आत्ताच धरून ठेवल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून एव्दोकियाने शेंगा निवडता निवडता पोरीला उतारा वाचायला लावला, आणि कळलाय का ते बघायला आपल्या भाषेत सांगायला लावला.

मिसेस प्रिंगल यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. शेजारच्या गावातून मुलाचा फोन येतो. मग त्या मांजरीबरोबर केक खातात आणि आठला झोपतात. दिवस फार छान गेला. प्रश्न: मिसेस प्रिंगल यांना कसं वाटलं?

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. शेजारच्या गावात राहतो आणि फोन करतो? गाडी बिघडली होती का? उताऱ्यात तसं काही नव्हतं. मग सुनेचं काय? सुनेचा उल्लेखच नाही म्हटल्यावर सासूबाईंना सगळा उलगडा झाला, आणि त्यांनी एव्दोकियाकडे असं पाहिलं, जणू प्रिंगलबाईंचा मुलगा तिनेच अडवून धरला होता. दिराच्या मते भांडण जमिनीचं असणार.

मिर्सिनीने उत्तर लिहिलं: मिसेस प्रिंगल फार दुःखी आहेत, पण मानी असल्यामुळे बोलत नाहीत.

दहापैकी तीन मिळाले.

"अगं, त्या खूश होत्या असं छापलंय ना पुस्तकात?"

"पुस्तकाला खोटं सांगतायत त्या, आई. आजी नाही का डॉक्टरांना सांगत?"

तेव्हापासून अभ्यास वर, दार लावून सुरू झाला. सासूबाई जिन्यातून विचारत, प्रिंगलबाईंचा पोरगा आला का म्हणून. एव्दोकिया पोरीला रोज घोकून घ्यायची: छापलंय तेच लिहायचं, तुला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही. बोलताना तिचं तिलाच ऐकवत नसे. मग तिला तो चुलतभावाशेजारचा बाक दिसायचा आणि ती पुढचा उतारा काढायची.

परीक्षेत आले मिस्टर डॉब्ज. वय एक्याऐंशी, पुलाजवळ एकटेच राहतात, हिरव्या दाराचा रंग उडालाय. बागेत खपतात, रेडिओ ऐकतात, डब्यातलं सूप गरम करून पितात. ऑक्टोबरात शिडी लावून छपराची पन्हळ स्वतः साफ करतात. शेवटचा प्रश्न: मिस्टर डॉब्ज यांना कोणाचीही गरज का नाही?

एव्दोकिया फाटकापाशी उभी होती. मिर्सिनी बाहेर आली ती मान खाली घालून.

"लिहिलं. त्यांच्याकडे बाग आणि रेडिओ आहे म्हणून. तू सांगितलंस तसंच." मग थोडं चालल्यावर, "आई, शिडी कोण धरतं?"

विसांपैकी अठरा पडले. बाक सुटला. सासूबाईंनी नातीचे मुके घेतले, उतारा कशावर होता ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे म्हाताऱ्याला एकटं टाकून पास झालीस होय?"

दुसऱ्या दिवशी एव्दोकियाने लिडाबाईंना मिस्टर डॉब्जबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, असा माणूसच नाही, परीक्षेसाठी कुणीतरी रचलाय. एव्दोकियाने मान डोलावली. शिकलेली बाई, तिला काय तेवढं कळत नाही? पण जो माणूसच नाही, त्याच्या दाराचा रंग कशाला कोण उडवेल?

तेव्हा तुमच्यापैकी कुणी इंग्लंडात असेल आणि पुलाजवळ तसं हिरवं दार दिसलं, तर एव्दोकियाची विनंती आहे, जरा वाजवून बघा. रेडिओ चालू असेल, म्हणून दोनदा वाजवा. आणि ऑक्टोबर असेल, तर आधी मागच्या बाजूला जा, शिडीपाशी.