ढोलकीच्या मागे

"वहिनी, ढोलकी कमी केली की अभयदादा पण कमी होतो," राकेश म्हणाला आणि त्याने हेडफोन कानांवरून उतरवून गळ्यात घेतला.

आम्रपालीला त्यातलं तंत्र कळलं नाही. दशरथला कळलं. ढोलकी त्याची होती.

रविवारची सकाळ. वाघोलीतल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राकेशचा फ्लॅट. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला वायरने जोडलेला जुना टेपरेकॉर्डर आणि त्यात 'अभय आणि पार्टी'ची उरलेली एकुलती एक कॅसेट. अभय गाणी लिहायचा, चाली लावायचा आणि गायचा. पार्टी म्हणजे ढोलकीवर दशरथ आणि कीबोर्डवर, तेव्हा कॉलेजात असलेला, राकेश. भीमजयंतीला, बारशाला, कुणी नव्या घरात गेलं की, येरवड्यात त्यांना हटकून बोलावणं असे.

पोटासाठी अभय एका आयटी कंपनीची बस चालवायचा, येरवडा ते हिंजवडी. देशाची प्रगती रोज तासभर सिग्नलला उभी राहायची, तेवढ्यात त्याचं एक कडवं व्हायचं. ते तो ट्रिपशीटच्या पाठीवर लिहायचा. ट्रिपशीट संध्याकाळी ऑफिसात जमा. त्यामुळे त्याचं समग्र वाङ्मय कंपनीने नियमाप्रमाणे तीन वर्षं सांभाळलं आणि नियमाप्रमाणे नष्ट केलं.

दोन हजार दोन साली त्याला कावीळ झाली. अकराव्या दिवशी तो गेला. वय बत्तीस. दशरथ महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर कारकून. अभयच्या फॉर्मवर व्यवसायापुढे त्याने 'गीतकार व गायक' असं लिहिलं. साहेबांनी पुरावा मागितला. दशरथने ते खोडून 'वाहनचालक' लिहिलं. त्याचं लायसन्स होतं.

तेव्हा आम्रपालीला पाचवा महिना होता. मुलगीच होणार, असं अभयने परस्पर ठरवून तिच्यासाठी गाणंही करून टाकलं होतं. एका रविवारी ते तालमीत म्हटलं, एकदाच. मुलगी झाली. पायल आता सहा वर्षांची. मागच्या आठवड्यात तिने आईला विचारलं, पप्पांचा आवाज कसा होता? आम्रपालीने सांगून पाहिलं. जाड नाही, बारीक पण नाही, असं काहीतरी ती बोलली. मग तिने दशरथला फोन केला.

त्या तालमीची कॅसेट दशरथकडेच होती, कारण टेपरेकॉर्डर त्याचा. तालमीला तो टेप आपल्या गुडघ्याशी ठेवायचा. हात कुठे चुकला ते घरी जाऊन ऐकायची त्याला शिस्त होती. अभय दहा फुटांवर, माईकशिवाय, त्याच्याकडे पाठ करून गायचा. चांगलं रेकॉर्डिंग एप्रिलमध्ये करू, असं तीन वर्षं चाललं होतं. तोवर ढोलकी तपासून घ्यावी. गाणाऱ्याचं काय, तो पुढच्या रविवारी येणारच होता.

राकेश आता सॉफ्टवेअरमध्ये होता. नऊ वाजल्यापासून त्याने स्क्रीनवरच्या हिरव्या रेघा खालीवर करून पाहिल्या. प्रत्येक थापेखाली अभयचं एक अक्षर गाडलेलं. थाप उचलली की अक्षर तिच्याबरोबर उपसून यायचं. बाराच्या सुमारास तो म्हणाला, "भाऊ, शब्द आठवतात का? तुम्ही म्हणा, मी कीबोर्ड धरतो. तिला गाणं तरी कळेल."

दशरथला गाणं कुठे थांबतं ते आठवत होतं. कुठे अभय श्वास घ्यायचा, कुठे दीड मात्रा मागे राहायचा, ते आठवत होतं. दहा वर्षं त्याने अभयच्या मानेकडे बघून वाजवलं होतं. शब्दांकडे लक्ष द्यायचं काम त्याचं नव्हतं.

"नाही रे," तो म्हणाला.

आम्रपालीने चहाचे कप गोळा केले. हे घर तिचं नव्हतं, पण हातांना काहीतरी हवं होतं. "असू द्या भाऊ. तुम्ही ठेवलीत तरी एवढी वर्षं," ती म्हणाली. दशरथला वाटलं, हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पायलने हेडफोन मागितला. तो तिच्या खांद्यांपर्यंत आला.

"नुसतं धबधब येतंय," ती म्हणाली.

राकेशने हेडफोनची वायर काढली आणि मूळ कॅसेट आहे तशी लावून दिली. खोलीभर ढोलकी वाजू लागली. वाजवणाऱ्याचा हात कुठेही चुकत नव्हता. गाण्याच्या मध्येच ती थांबली. मागून कुणीतरी खाकरलं.

"दशरथभाऊ, जरा हळू वाजवा ना. माझं मलाच ऐकू येत नाही."

स्वच्छ. शेजारच्या खोलीतून यावं तसं.

"हे मी कापलं होतं," राकेश हळूच म्हणाला. "म्हटलं, गाण्यात नाहीये."

"हे पप्पा?" पायलने विचारलं.

"हो," आम्रपाली म्हणाली. "सर्दी झाली होती तेव्हा त्यांना. एरवी असा नव्हता आवाज."

पायलने मान डोलावली. तिला हाच पुरेसा होता. तिने दशरथकडे पाहिलं.

"मग काका, तुम्ही हळू वाजवलं?"

टेप बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ढोलकी पुन्हा सुरू झाली, तेवढ्याच जोरात. दशरथने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि कॅसेट संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.