हौदाचं पांघरूण

वीजबिल आलं तेव्हा माझा नवरा उभा होता. वाचून झालं तेव्हा तो बसलेला होता, आणि मधल्या काळात खुर्ची कुठे आहे हे त्याने बघितलेलं नव्हतं. नशीब, खाली बुटांचं कपाट होतं.

"हे आपलंच आहे?" त्याने विचारलं.

"नाव तर तुझंच दिसतंय," मी म्हणाले.

"आपण काय घरात कारखाना चालवतो?"

कारखाना नव्हता, हौद होता. घराच्या मागच्या अंगाला, चांगला लांबलचक, निळ्या फरशीचा. हे घर आम्ही ज्या जोडप्याकडून घेतलं त्यांना पोहण्याची भारी हौस होती. पुढे एकमेकांची हौस फिटली, म्हणून घर विकायला निघालं. घराबरोबर हौद आला, जसा लग्नात नवऱ्याबरोबर दीर येतो. आपण मागितलेला नसतो, पण परतही करता येत नाही.

माझा नवरा दातांचा डॉक्टर. लोकांच्या तोंडात तो कोपरापर्यंत शिरेल, पण स्वतः पाण्यात घोट्यापलीकडे जात नाही. त्याला पोहता येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. आमची मुलगी घरी होती तोवर ती उन्हाळ्यात हौदात डुंबायची. ती शिकायला बाहेर पडली आणि हौद नुसता पडून राहिला. मग आई आली.

आई म्हणजे माझी आई. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त होऊनही तिच्या चालीतून वॉर्ड गेला नव्हता. तिने दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि सर्जनने सांगितलं की कोमट पाण्यात रोज चालायचं. तेव्हा "मग आपल्याकडे आहे की हौद!" असं मोठ्या मनाने म्हणाला तो माझा नवरा. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण बिल आल्यावर ती कल्पना माझी होती असं ठरलं.

हौदाचा हीटर सुरू झाला. आई रोज सकाळी रबराची टोपी घालून पाण्यात उतरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत राउंड घेतल्यासारखी चालायची. बाकीचे तेवीस तास ते पाणी कोणाची तरी वाट बघत गरम राहायचं. आणि मग ते बिल.

नवऱ्याने रोगाशी दोन हात करायचं ठरवलं. पुढच्या रविवारी कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधून तो पंपाच्या खोलीत शिरला. गाळणीची जाळी उघडली, त्यात पानांचा लगदा भरलेला.

"बघ! किती कीड साचलीय!" तो आनंदाने ओरडला.

जाळी साफ झाली. पंप अहोरात्र एकाच वेगाने धावत होता, तो काढून मंद चालणारा आणला. पाणी सावकाश फिरवलं तर पंप जास्त वेळ चालवूनही वीज कमी लागते, हे त्याने मला जेवताना तीनदा समजावून सांगितलं. हौदाच्या काठावर एक दगडी मासा होता, तोंडातून पाण्याची धार सोडणारा. हवेतून पडताना ते पाणी गार होतं आणि मग पुन्हा तापवावं लागतं, हे कळताच नवऱ्याने माशाची तोटी आवळली. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचं तरी तोंड बंद केलं.

पुढचं बिल थोडं उतरलं. पण थोडंच. मुळाशी हीटर होता, आणि हीटरच्या मुळाशी माझी आई होती. तिला काही म्हणायची सोय नव्हती.

म्हणून त्याने चोरून सुरुवात केली. आधी तीस अंशांवर असलेला हीटर एकोणतीसवर आणला. चार दिवसांनी अठ्ठावीसवर. स्लिपरा हातात घेऊन अनवाणी हीटरच्या पेटीपाशी जाताना मी त्याला खिडकीतून बघितलं आणि गप्प बसले. एकीकडे नवरा, एकीकडे आई. अशा वेळी शहाण्या बाईने खाली मान घालून भाजी निवडावी.

पाणी सव्वीसवर आलं त्या सकाळी आई न्याहारीला बसली. ओठ जरा निळसर, पण आवाज खणखणीत.

"जावईबापू, तुम्ही पेशंटचा दात भूल न देता उपटता का हो?"

"छे, आई! असं कसं चालेल?"

"मग मलाही आधी सांगून गार करा."

नवऱ्याचे कान लाल झाले. बशीतल्या पावाच्या चुऱ्याकडे बघत तो म्हणाला, "आई, राग मानू नका. उघड्या पाण्याची ऊब वाफेबरोबर निघून जाते. आपण हौद तापवत नाही, आभाळ तापवतोय."

"त्याला काही उपाय?"

"आहे. पाण्यावर पसरायचं कव्हर मिळतं, बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं. पण ते रोज काढायचं, रोज घालायचं. कोण करणार?"

"मग माझे गुडघे गारठवायचं सोपं वाटलं होय?" आई म्हणाली. "आणा ते पांघरूण."

पांघरूण आलं. निळं, जाडजूड, लोखंडी रुळावर गुंडाळलेलं. ते ओढायला निदान तीन माणसं लागायची, आणि कोणीही पाण्यात उतरण्याआधी ते अख्खं काढायचंच, अर्धवट ठेवायचं नाही, अशी त्यावर मोठ्या अक्षरांत ताकीद होती. सकाळी नवऱ्याचा दवाखाना, माझी शाळा, आणि आईचे गुडघे नवे कोरे. पहिला आठवडाभर ते कव्हर काठावर आडवंच पडून होतं. कामाला म्हणून आलेला आणि झोपून राहिलेला नातेवाईक असतो ना, तसं.

आठवड्याने मी शाळेला निघाले होते तर दारात तीन म्हाताऱ्या उभ्या. खांद्याला पिशव्या, पिशव्यांतून डोकावणारे टॉवेल. फिजिओथेरपीच्या बाकावर आईने जमवलेल्या या मैत्रिणी. एक कपडे शिवायची, ती शिंपीणबाई. दुसरी पोस्टात नोकरीला होती, ती पोस्टबाई. तिसरीला सगळे रेडिओ म्हणत आणि का म्हणतात हे दाराच्या उंबऱ्यातच कळलं.

चौघींनी मिळून कव्हर गुंडाळलं, तासभर पाण्यात चालल्या, मग पुन्हा ओढून नीट पसरलं. शिंपीणबाईंनी तर कडा अशी तंतोतंत जुळवली, जणू ब्लाउजची बाही बेतताहेत.

संध्याकाळी नवरा आईसमोर उभा राहिला. "आई, हा सार्वजनिक हौद झाला हो!"

"एकटीसाठी एवढं पाणी तापवणं म्हणजे पाप," आई म्हणाली. "आता चौघी आहोत. माणशी खर्च चौथ्या हिश्शावर आला."

"पण चारही हिस्से मीच भरतो!"

"आधी एकटीसाठी सगळं भरत होतात. एक पैसा तरी वाढला का?"

नवऱ्याने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी गणित शिकवते. त्या युक्तिवादात काहीतरी लोच्या आहे हे मला दिसत होतं, पण कुठे आहे ते सांगायला माझी पगारी वेळ संपली होती.

आणि कव्हरने कमाल केली. हीटर आता मधूनमधूनच सुरू व्हायचा. पुढचं बिल नवऱ्याने उभ्यानेच वाचलं आणि शीळ घातली. त्याने ते दवाखान्यात नेलं आणि पेशंटना दाखवू लागला. त्यांच्या तोंडात कापूस असल्यामुळे कोणी हरकत घेत नसे.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण यशाची चव वाईट. त्याच्या मनात आलं, कव्हरने एवढं वाचतंय, तर अजून एखादा अंश उतरवला तर? पुन्हा स्लिपरा हातात आल्या. अठ्ठावीसवर परत नेलेलं पाणी सत्तावीस, सव्वीस, पंचवीस. म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण रेडिओ चालू असताना माणसाला थंडी-वारा काही कळत नाही. आईच्या ध्यानात आलं. ती या वेळी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त सांभाळून राहायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं, नवऱ्याला नव्हतं.

मग एका शनिवारी दुपारी वारा सुटला. मी मागच्या अंगणात कपडे काढत होते. आई ओसरीवर खुर्चीत बसली होती. नवरा नुकताच दवाखान्यातून आलेला, अंगावर पांढरा कोट तसाच. वाऱ्याने कव्हरचा एक कोपरा उचलला आणि फडफडवायला सुरुवात केली.

"अरे अरे, सगळी ऊब चालली!" म्हणत तो धावला. काठावर गुडघे टेकून त्याने हात लांबवला. कोपरा हाताला लागेना. म्हणून त्याने एक पाय कव्हरवर ठेवला.

ते वरून चटईसारखं दिसतं. चटई नसतं.

ओरडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. पांढरा कोट दिसत होता तिथे निळं प्लास्टिक आत खेचलं गेलं आणि त्याच्यावर मिटलं. मी हातातल्या कपड्यांसकट जागच्या जागी खिळून उभी राहिले.

"कव्हर ओढ!" मागून आवाज आला. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "त्याला नको, कव्हर ओढ! तुझ्या बाजूला!"

मी ओढलं. कसं ओढलं माहीत नाही, तिघींचं काम होतं ते. आईने पानं काढायच्या जाळीचा लांब दांडा उचलला होता आणि नव्या गुडघ्यांनी ती काठाशी पोचलीही होती. प्लास्टिक सरकलं तसा पाण्यात एक हात दिसला, हवेत काहीतरी शोधणारा.

"धर दांडा! अरे गाढवा, धर! सोडलास तर बघ!"

त्याने धरला. आईने ओढलं, मी आईला धरलं. आणि तो उभा राहिला. पाणी तिथे छातीइतकंच होतं. पण डोक्यावर प्लास्टिक असलं की छातीभर पाणी आणि समुद्र सारखेच.

आम्ही त्याला पायऱ्यांवर बसवलं. तो खोकला, पाणी ओकला, आणि मग त्याचे दात वाजायला लागले. इतके की मला त्याच्या धंद्याची काळजी वाटली.

"पा... पाणी..." तो म्हणाला. "केवढं गार आहे हे!"

"पंचवीस," आई म्हणाली. तिची बोटं त्याच्या नाडीवर होती. "तुमच्याच हातचं आहे."

आईने त्याचा ओला कोट उतरवला, टॉवेल गुंडाळले, तळवे चोळले. डॉक्टरांना बोलावून छाती तपासून घेतली. सगळं ठीक निघालं. तो पलंगावर तीन पांघरुणांखाली गेला आणि मी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले, तर आई तिथे बेसिनची कड धरून उभी.

"मला वाटलं गेला," ती म्हणाली. "इतकी माणसं गेलेली बघितली मी. पण घरचा माणूस बघायचा नव्हता गं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "साखर जास्त घाल त्याच्या चहात."

चहा घेऊन गेले तेव्हा पांघरुणांतून फक्त त्याचं नाक बाहेर होतं.

"आई मला गाढव म्हणाल्या," तो म्हणाला.

"रागावलास?"

"नाही. इतकी वर्षं जावईबापू, जावईबापू ऐकतोय. आज पहिल्यांदा घरातला वाटलो."

दुसऱ्या दिवशी पाणी अठ्ठावीसवर गेलं, चौघींच्या बहुमताने. कव्हरच्या कडांना बांधायला दोऱ्या आल्या आणि हौदाभोवती कुंपण. कव्हरपाशी एकट्याने जायचं नाही, असा आईने हुकूम काढला. वारा यायचा त्या बाजूला नवऱ्याने दाट झुडपं लावली, म्हणजे वाराही अडेल आणि शेजारीही. मग छपरावर काळ्या नळ्यांचं जाळं चढलं. त्यांतून पाणी फिरवलं की ऊन असेल तेव्हा हीटरला सुट्टी. आणि ज्याचा हौद त्याला निदान पाण्यात शांत उभं राहता आलं पाहिजे, म्हणून दर रविवारी चार म्हाताऱ्या त्याला मध्ये घेऊन नाक बुडवायला शिकवू लागल्या. तो रडकुंडीला यायचा. रेडिओ त्याला आपल्या तिन्ही बाळंतपणांची हकीकत सांगायची, म्हणजे तो भीती विसरून स्वतःहूनच पाण्याखाली जायचा.

गुडघे पूर्ण बरे झाल्यावर आई माझ्या भावाकडे राहायला गेली. मैत्रिणी आमच्याकडे यायच्या थांबल्या नाहीत, त्यांना कोणी थांबा म्हटलंही नाही. पंधरा दिवसांत भावाचा फोन आला. आवाज रडवेला.

"ताई, आईला आवर. आमच्या इमारतीत एक पूल आहे, खर्च परवडत नाही म्हणून कमिटीने बंद ठेवलाय. आई रोज जाऊन सेक्रेटरीशी भांडते. म्हणते, झाका, पंप हळू चालवा, मग बघू कसा परवडत नाही."

मागून आईने फोन ओढून घेतला. "जावईबापूंना दे. इथे एक शहाणा म्हणतो, कव्हरबिव्हरने काही होत नाही. म्हणावं, या आणि सांगा त्याला."

माझ्या नवऱ्याने तीन दिवसांचे पेशंट पुढे ढकलले. बॅगेत कव्हरचा हातभर तुकडा आणि सगळी बिलं घातली. लग्नाला निघाल्यासारखी दाढी केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला. मी विचारलं, "काय झालं? पटलं का त्यांना?"

"सगळ्यांना पटलं. तो शहाणा एकटा हटून बसला होता. पण मी त्याला चहा पिताना बघितलं. घोट उजवीकडूनच घ्यायचा. म्हटलं, डावीकडची दाढ दुखते ना? त्याचा हात आपसूक गालावर गेला."

"मग?"

"मग काय, उद्या इथल्या एका मित्राच्या दवाखान्यात काढतोय त्याची. कमिटीचं मतदान संध्याकाळी आहे."

मागून आईचा आवाज आला, "भूल देऊन काढा हो!"