सरकारजमा

टेम्पो माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुरवठा कार्यालयात ही साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरता शिरत नव्हती. आईच्या घरातला माझा वाटा मिळाला, त्यातून घेतला, म्हणून माझ्या नावावर. चालवतो नवरा. आमचं घर त्या टेम्पोवर चालायचं.

एका व्यापाऱ्याने कोंबड्यांचं खाद्य म्हणून पोती भरली. नाक्यावर पुरवठा खात्याच्या माणसांनी गाडी अडवली, पोतं फोडलं, तर आत रेशनचा तांदूळ. व्यापाऱ्याने कानावर हात ठेवले, पोती माझी नव्हेतच म्हणाला. त्याचं गोदाम दुसऱ्या दिवशी उघडं, आणि माझा टेम्पो कार्यालयामागच्या आवारात, दोराला लाखेचं सील ठोकून. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

सुनावणीची नोटीस नवऱ्याच्या नावाने आली. मी सोबत गेले, तर शिपायाने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"माल कोणी बांधला?" पुरवठा साहेबांनी विचारलं.

आता माझ्या नवऱ्याला एकच गर्व. माल हमाल भरतील, पण ताडपत्री टाकून दोर आवळायचा तो यानेच. अड्ड्यावरचे बाकीचे ड्रायव्हरही अवघड माल असला की यालाच हाक मारत. त्यामुळे जप्तीची सुनावणी विसरून गडी खुलला.

"साहेब, माझ्या गाडीचा दोर मी दुसऱ्याला आवळू देत नाही. हात लावून बघा, एक पोतं हलायचं नाही!"

"म्हणजे प्रत्येक पोतं तुमच्या नजरेखालून गेलं."

"हो तर!"

बाहेर मी कपाळावर हात मारून घेतला. हुकूम आला: चालकाने माल स्वतः बांधला, सबब त्याला सर्व माहीत होतं, वाहन सरकारजमा.

"अगं, मी पोती बघितली. पोत्यांच्या आत कुठे बघितलं?" तो घरी येऊन म्हणाला.

"हे तिथे बोलायचं होतं ना!"

मी ओरडले खरी, पण नंतर तो दुसऱ्याच्या गाडीवर हमाली करू लागला. कोणी दोर पुढे केला की म्हणायचा, "मला नाही येत." टेम्पो नेल्याचा राग होताच. पण त्या तीन शब्दांनी माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं नणंद म्हणाली. तिच्या दारातला टेम्पो कोणी नेला नव्हता. मी चढले.

वकीलबाईंनी कागद चाळले. "ताई, मालक तुम्ही. तुम्हाला नोटीस दिली?"

"नाही."

"तुमचं म्हणणं ऐकलं?"

"बाकावर बसवलं."

बाई खुर्चीत सरसावून बसल्या. "मग बघतेच मी."

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, नवरा-बायको एका घरातले. त्याला कळवलं म्हणजे हिलाही कळवलं. मला राहवेना. वकीलबाई पदर ओढत होत्या तरी मी उभी राहिले. "साहेब, गाडीची नोंदणी करताना याच सरकारने नवऱ्याची सही चालत नाही म्हणून मला रांगेत उभं केलं. जप्ती करताना बरी चालली!"

न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी लिहून घेतलं. निकाल लागला: मालकाला न विचारता केलेली जप्ती रद्द, गाडी मालकिणीच्या ताब्यात द्यावी, तांदूळ सरकारजमा करावा.

आम्ही मेकॅनिक आणि नवी बॅटरी घेऊन आवारात गेलो. लांबूनच वास आला. ताडपत्री उन्हापावसाने विरली होती. पोती काळी पडली होती, उंदीर आमच्या देखत आत-बाहेर करत होते. तांदूळ तसाच होता! पुरावा म्हणून कोणी हलवलाच नव्हता. गरिबांच्या तोंडचा घास पळवला म्हणून आम्हाला चोर ठरवलं, आणि त्या गरिबांच्या तोंडी एक दाणा पडला नव्हता.

आम्ही पुरवठा साहेबांच्या खोलीत गेलो. "माल उतरवल्याशिवाय गाडी सोडता येणार नाही," साहेब म्हणाले.

"मग उतरवा."

"गोदाम खराब माल घेत नाही."

"मग आम्ही फेकतो."

"सरकारी माल आहे. फेकलात तर गुन्हा दाखल होईल."

"मग करायचं काय?"

"वर लिहिलंय. उत्तर येईल."

साहेब पंख्याकडे बघत बसले. मी नवऱ्याकडे वळले. "अहो, चला. दोर सोडा."

"मला नाही..."

"मालक मी आहे. मी सांगते, सोडा!"

आवारात जाऊन त्याने सील दगडाने फोडलं. दोर अजून जसाच्या तसा आवळलेला. त्याने गाठीवरून अंगठा फिरवला, एक टोक हिसडलं, आणि अख्खा दोर सैल होऊन पायाशी पडला. मेकॅनिक बराच वेळ शिव्या हासडत होता, मग इंजिन खोकून धूर ओकत सुरू झालं. रखवालदार "अहो, अहो" करेपर्यंत टेम्पो कार्यालयाच्या पुढच्या दारात उभा होता.

तिथे खिडकीपाशी रेशन कार्डवाल्यांची रांग होती. नवरा पोतं पाठीवर घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेला. मी एक फरफटत नेलं, ते वाटेत फाटलं.

"हा काय तमाशा?" साहेब किंचाळले.

"सरकारजमा करतेय. हुकूम वाचा."

पोती आत जात राहिली. कोणी अडवलं नाही. वासाने शिपाई आधीच बाहेर पळाला होता. रांगेतली एक म्हातारी वाकली, सांडलेल्यातला मूठभर तांदूळ उचलला, नाकाशी नेला. मग खोलीत जाऊन तिने मूठ साहेबांच्या टेबलावर उघडली. गुठळ्यांतून किडे निघून कागदांवर पसरले.

"साहेब," ती म्हणाली, "दुकानात तांदूळ मिळेना म्हणून इथे आले, तर तो आलाच नाही म्हणून मला बाहेरच्या खिडकीवरून परत पाठवलंत. तो हाच का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? त्यांना सांगा."