भरलेलं तळं, रिकामा टँकर

मित्रांनो, माझ्या पोटावर जरा टकटक करून बघा. पोकळ आवाज येतोय ना? मी एक म्हातारा पाण्याचा टँकर आहे आणि रिकामा असल्याचा मला केवढा आनंद आहे, हे सांगितल्याशिवाय आज मला राहवत नाही!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा निळा रंग आरशासारखा चमकत होता. मला थेट वायूच्या विहिरीवर कामाला लावलं. तिथे जमिनीच्या पार खोलात शेल नावाचा, पापुद्र्यांचा खडक आहे. त्याच्या पोटात वायू अडकून बसलेला असतो. वाळू मिसळलेलं पाणी प्रचंड जोराने आत दाबलं, की खडकाला बारीक भेगा पडतात आणि वायू मोकळा होतो. ही विहीर पाणी देत नाही, पिते! तिच्यासाठी आम्ही टँकर गावाच्या तळ्यातून गोडं पाणी वाहायचो. विहिरीतून परत येणारं खारट, गढूळ पाणी मात्र लांब नेऊन जमिनीत कायमचं गाडून टाकायचे.

मला चालवायची ताई. तिची धाकटी बहीण तिथेच पाणी तपासायची आणि तिला ताई म्हणायची, म्हणून ती सगळ्यांचीच ताई झाली होती. "प्यायलास का रे पोटभर?" म्हणत ती मला थाप मारायची. सगळे माझं कौतुक करायचे. तळ्याकडे कोण बघतंय! एका उन्हाळ्यात त्याचा तळ दिसू लागला. सगळं गाव तेच पाणी पीत होतं.

धाकटीने हट्टच धरला. परत आलेलं खारं पाणी गाळून, साफ करून पुन्हा विहिरीलाच द्यायचं. माणसांना ते पिता येणार नाही, पण विहिरीला चालेल.

"आणि विहीर तुंबली म्हणजे?" विहिरीवरचे मुकादम म्हणाले. "एकदाच करून बघू. नाही जमलं, तर उद्यापासून पुन्हा तळं."

त्या सकाळी सगळे साफ पाण्याच्या टाकीपाशी आमची वाट बघत होते. आणि आम्ही कुठे? तळ्यावर! वर्षानुवर्षांची सवय, ताईचे हात आणि माझी चाकं आपोआप तिकडेच वळली होती. ताईने नळी खाली सोडली, ती फद्दिशी चिखलात आपटली. ताईने ती ओढून घेतली. मग मला असं काही वळवलं, की माझे सगळे पत्रे खडखडले.

"काय गं, सहलीला गेली होतीस?" धाकटी कडाडली.

"गप गं. भर लवकर. तिकडे आता काही उरलं नाहीये."

मी भरलो, धावलो, रिता झालो. पंप गरजले. मुकादमांची नजर दाबाच्या काट्यावर खिळली. काटा थरथरला, चढला, आणि पाहिजे तिथेच थांबला!

"घेतलं! घेतलं की हिने!" मुकादम चक्क उड्या मारू लागले. धाकटीने ताईला मिठी मारली आणि ताईने मला!

पुढे टाकीपासून विहिरीपर्यंत पाइप टाकला. थोडं गोडं पाणी अजूनही लागतं, पण तळ्यावरच्या खेपा तुरळक झाल्या. मला बाजूला उभं केलं. रंग उडाला, टायर बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण परवा दोघी बहिणी आल्या. दोघींचेही केस पिकलेत. ताईने सवयीने थाप मारली.

"पोकळ वाजतोय बिचारा," धाकटी म्हणाली.

"वाजू दे. तिकडे बघ की!"

मी उभा आहे तिथून तळं दिसतं. काठोकाठ भरलेलं!

मित्रांनो, वापरलेलं पाणी ओतून देण्याआधी क्षणभर थांबा. आणखी कुणाची तहान त्यावर भागेल का, बघा. आणि इकडे आलात, तर मला टकटक करायला विसरू नका. आवाज पोकळ आला, तर टाळ्या वाजवा!