बांगड्याच्या तेलातून पाहिलेलं देवबाग

मी एक जुना मोबाइल आहे. पाठीला रबर बँड दिसला म्हणून हसू नका मित्रांनो, त्यानंच माझा जीव आत धरून ठेवला आहे. जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण डोळा उघडला तो देवबागला, दीपिकाच्या हातात.

थापा मारायची खोड माझी जुनीच. लांबचा डॉल्फिन मोठा करून मागा, मी उशी दाखवतो. तिन्हीसांजेला फोटो काढा, आभाळभर रवा पेरून देतो. तरी सुरुवातीला माझं कौतुक फार.

मग माझ्या फोटोंवर धुकं उतरू लागलं. भर उन्हात! दीपिकाचा नवरा मितेश म्हणायचा, "गो, ह्या डबड्यात धुक्याशिवाय काय गावचा नाय." मलाही कुतूहल, देवबागात काश्मीर आलं कुठून?

एके सकाळी दीपिकाचे सासरे गंगाराम यांची रापण शेवटची पडणार होती. रापण म्हणजे साऱ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. आता ओढायला माणसंच उरली नव्हती. तिचा एकही फोटो नव्हता, आणि दीपिकाला तो हवाच होता. निघताना तिनं माझा कालचा धूसर फोटो सासऱ्यांना दाखवला.

"चष्मो पुसलो नाय तर माका पण असाच दिसता गो," ते म्हणाले.

दीपिका थबकली. बांगडे साफ करताकरता ती मला उचलायची. तेच तेल माझ्या डोळ्यावर बसलं होतं! तिनं चष्म्याच्या मऊ फडक्यानं मला पुसलं. काय सांगू, मला थेट मस्कत दिसलं! बरं, मस्कत नाही, पण समोरच्या होडीचं नाव नक्की.

किनाऱ्यावर वेगळीच अडचण. रापण ओढताना कुणी नुसतं बघत राहायचं नाही, असा रिवाज.

"उबी काय ऱ्हवलंस? दोराक हात लाव!" दोर ओढणाऱ्यांतून कुणीतरी दीपिकाला ओरडलं.

"मगे फोटो कोण काढतलो, बाबांनू?"

"समुद्र काढतलो!"

दीपिका माझ्या झूमच्या नादी लागली नाही, जवळ गेली. सूर्य माझ्या पाठीशी ठेवला. वाळूत करवंटी रोवून तीत मला टेकवलं, टायमर लावला आणि धावली. हात थरथरतो, करवंटी नाही. मी श्वास रोखला.

फोटोत गंगारामांच्या मानेची शीरन् शीर उमटली. ताणलेला दोर, आणि टोकाला केस विस्कटलेली दीपिका. मितेश हळूच म्हणाला, "माका पण धाड गो."

आता जाळं माळ्यावर आहे, त्याच्या शेजारी मी. मित्रांनो, जुन्याला डबडं म्हणण्याआधी त्याचा डोळा एकदा पुसून बघा. गंगाराम अजून अधूनमधून मला खाली उतरवायला लावतात. आधी माझा डोळा पुसतात, मग आपला चष्मा, आणि मगच म्हणतात, "हां, दाखव आता रापण."