मधलं टेबल

"ही लाल चिठ्ठी कुठं लावायची, वहिनी?" सल्लागार बाईंनी विचारलं.

लिफ्टच्या तक्रारीचा सगळा प्रवास भिंतीवरच्या लांबलचक कागदावर मांडला होता. तक्रार येते, संगणकावर चढते, तपासली जाते, मग गोदामातून सुटा भाग निघतो आणि मेकॅनिक निघतो. काम जिथं नुसतं पडून राहतं, तिथं लाल चिठ्ठी लावायची होती. ती जागा खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती आणि प्रत्येक जण आपल्या चहाच्या कपात बघत होता.

वहिनींनी चिठ्ठी घेतली आणि तपासणीवर चिकटवली. ते टेबल त्यांच्या नवऱ्याचं होतं.

लिफ्टदुरुस्तीच्या या कंपनीत नवराबायको दोघंही लग्नाआधीपासून होते. आलेल्या प्रत्येक नवख्याला नवऱ्यानंच काम शिकवलं, म्हणून ते मास्तर. आणि मास्तरांची बायको ती सगळ्या ऑफिसची वहिनी. बिघडलेला भाग हमीत बसतो की नाही ते ठरवून तक्रार पुढं सोडायची, हे मास्तरांचं काम. एके काळी चहा निवायच्या आत टेबल मोकळं करायचे. आता तक्रारी तुंबत होत्या. एका इमारतीतली वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं लिफ्टअभावी घरातच अडकली होती. त्यांचे रोज फोन येत. नवी सिस्टीम आणून फरक पडला नाही, तेव्हा कंपनीनं कामातला फापटपसारा काढायला सल्लागार बाईंना बोलावलं.

बाईंचे नियम साधे होते. कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. काम चालतं तिथं उभं राहून बघायचं. आणि मूळ सापडेपर्यंत 'का' विचारत राहायचं.

"तपासणीचं मी बघून येते," वहिनी घाईघाईनं म्हणाल्या. दुसरं कुणी जायला नको होतं.

त्या खांबाआड उभ्या राहिल्या. मास्तरांनी त्याच इमारतीची तक्रार उघडली, वाचली, हमीची कलमं पाहिली आणि मान डोलावली. तेवढ्यात फोन वाजला. बोलणं झालं. फोन ठेवून त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं आणि तीच तक्रार पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. पुन्हा कलमं, पुन्हा मान डोलावणं. शिपायानं पाणी आणून ठेवलं. ते प्यायले, चष्मा पुसला आणि परत पहिल्या ओळीवर आले.

मास्तरांच्या हातून भाजीत दोनदा पडणारं मीठ, मुलीला फोनवर तेच तेच विचारणं, हे सगळं वहिनींनी 'वय झालं' म्हणून झटकून टाकलं होतं.

बैठकीत बाईंनी विचारलं, "का अडतं तिथं?"

"स्क्रीन लवकर उघडत नाही."

"का?"

"सिस्टीमच संथ आहे."

"का पण?"

"ते मला काय विचारता? तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना विचारा!" वहिनींचा आवाज चढला.

बाई मात्र खूश झाल्या. "मग माणसानं तपासायचंच कशाला? हमी सिस्टीमच बघेल. ही पायरीच काढून टाकू."

"अहो, पण अवघड प्रकरणं असतात एकेक..."

"ती साहेबांकडं जातील."

बाईंनी 'तपासणी' लिहिलेला कागद भिंतीवरून अलगद सोडवला. कुणाचंही नाव न घेता प्रश्न मिटला म्हणून खोली सुटल्यासारखी सैलावली. वहिनी लिहून घेतल्यासारखं करत राहिल्या. झाकायला गेल्या आणि त्यांच्याच हातून टेबल गेलं. खरं बोलल्या असत्या तरी गेलंच असतं, हे कळत होतं. त्यानं काही हलकं वाटत नव्हतं.

संध्याकाळी मास्तर स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते.

"खांबाआड उभी होतीस ना तू?" ते मान वर न करता म्हणाले. "किती वेळा उघडली मी ती तक्रार?"

"दोनदा असेल."

"तुला खोटं कधी धड जमलं नाही."

वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या. "आपण डॉक्टरकडं जाऊ या, अहो."

"जाऊन आलो मी. यावर औषध नाही म्हणाले. तुला सांगायचं होतं. मग सांगितलं की राहिलं, तेच आठवेना." मास्तर स्वतःच हसले. वहिनींनी टरफलं गोळा केली, तरी हात रिकामे राहीनात म्हणून सोललेले दाणे परत निवडायला घेतले.

नव्या पद्धतीनं तक्रारी भराभर सुटू लागल्या. त्या इमारतीची लिफ्टही सुरू झाली. मास्तरांना दुसऱ्या कामाला लावून पाहिलं. वहिनी रात्री शिकवायच्या, सकाळी पाटी कोरी. शेवटी त्यांनी आपणहून राजीनामा दिला.

निरोपाला सगळे जमले. सल्लागार बाईही होत्या. साहेब म्हणाले, "मास्तर, दोन शब्द."

मास्तर उठले. "पहिल्याच दिवशी मी आपल्याच लिफ्टमध्ये अडकलो. मेकॅनिक वरून ओरडला, 'तक्रार नोंदवलीत का?' म्हटलं, 'नोंदवायचं टेबल वरच्या मजल्यावर आहे, आधी मला वर तर घ्या!'"

हशा पिकला. मास्तरांनी सगळ्यांचे आभार मानले, क्षणभर थांबले, समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"पहिल्याच दिवशी," ते म्हणाले, "मी आपल्याच लिफ्टमध्ये अडकलो..."

बाईंनी हातातल्या बशीकडं पाहिलं. मास्तर रंगात येऊन सांगत होते, मेकॅनिकचा आवाज काढत होते. गोष्टीतलं टेबल वरच्या मजल्यावर आलं, तशा वहिनी मोठ्यानं हसल्या, अगदी बरोबर जागी. मग शिपाई हसला. मग बाकीचेही.

मास्तर समाधानानं खाली बसले.